समुद्राची काळजी, मुक्काम नागपूर

मागच्या महिन्यात आम्ही ऑफिसातल्या जुन्या फायली आवरायला काढल्या. काम अर्ध्या दिवसाचं होतं, लागले तीन दिवस. कारण कुठलीही फाइल उघडली की कुणीतरी खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, "अगं, हे ते नाही का, ज्याच्या वेळी..." आणि मग चहा मागवावा लागायचा. तीन दिवसांत रद्दी निघाली एक पोतं. किस्से मात्र एवढे निघाले की शेवटी म्हटलं, लिहूनच ठेवावेत.

आधी आमचं काम सांगते. जहाजातून परदेशी जाणारी रसायनं असतात. उद्या ती समुद्रात सांडली तर माशांचं काय होईल, खलाशाच्या हातावर उडाली तर कातडीचं काय होईल, पाण्यावर तरंगतील की तळाला बसतील, हे सगळं तपासून त्याची फाइल बनवायची. प्रत्येक धोक्याला एक आकडा असतो. तो आकडा बघून जहाजवाले ठरवतात, माल कसा न्यायचा.

हे काम आम्ही नागपुरात करतो. धरमपेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावर. समुद्र इथून कुठल्याही दिशेला रात्रभराच्या प्रवासावर आहे. ऑफिसात आम्ही चौघं. आमचे प्रमुख डॉ. मेश्राम सर, अतिशय शांत माणूस. मासे सांभाळणारे हरिभाऊ, कुहीकडचे, घरी धानाची शेती. कॉम्प्युटरवर सगळ्या जगातली माहिती शोधून काढणारी प्राची. आणि मी, जिच्या वाट्याला फायली आणि फोन येतात.

*

समुद्री कोळंबीवर चाचणी करायची तर खारं पाणी लागतं. ते आम्ही मीठमिश्रण घालून ड्रममध्ये बनवतो. पण एकदा सरांना तुलनेसाठी खरं समुद्राचं पाणी हवं होतं. हरिभाऊ भाचीच्या लग्नाला मुंबईला जाणारच होते. त्यांच्याबरोबर दोन कॅन दिल्या.

परत येताना नागपूर स्टेशनवर पोलिसानं अडवलं.

"काय गा, काय हाय यात?"

"समुद्राचं पानी हाय, साहेब."

"कायले आनलं?"

"मासोळ्यायसाठी."

पोलिसानं हरिभाऊंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून? त्यायले नागपूरचं पानी सोसत नाई का?"

हरिभाऊंनी खिशातून सरांचं पत्र काढून दिलं. ते होतं इंग्रजीत. त्यातला 'टॉक्सिसिटी' हा एकच शब्द पोलिसाला नीट वाचता आला आणि प्रकरण वाढलं. तिथं अजून दोन पोलीस आले. शेवटी हरिभाऊंनी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि स्वतःच्या जिभेवर ठेवलं. मग पहिल्या पोलिसानंही चाखून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि हरिभाऊंना हळूच बाजूला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सर पाणी मोजायला गेले तर एक कॅन अर्धी.

"हरिभाऊ, सांडलं का?"

"नाई सर. त्या पोलिसाच्या मायनं कधी समुद्र पाह्यला नाई म्हने. थो घेऊन गेला."

"अर्धी कॅन?"

"पूरी देत होतो. त्याच्यापाशी बाटल्या तेवढ्याच होत्या."

*

काही रसायनं माशाला मारत नाहीत, पण माशाला त्यांचा वास लागतो. मग तो मासा कुणी विकत घेत नाही आणि कोळ्याचं जाळं रिकाम्यासारखंच. म्हणून तीही चाचणी असते. अगदी थोड्या रसायनाच्या पाण्यात ठेवलेला मासा आणि साध्या पाण्यातला मासा, दोन्ही नुसते उकडायचे, झाकणाच्या वाट्यांत घालायचे आणि सहा जणांनी फक्त हुंगून सांगायचं, वास वेगळा येतो का. चाखायचं नाही. मीठसुद्धा घालायचं नाही.

उकडायचं काम हरिभाऊंचं. सहा माणसं डोळे मिटून बसली. पहिली वाटी हुंगली आणि सहाही जणांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. दुसरी हुंगली, तेच. गॅसकडे पाठ करून बसलेल्या एका बाईंनी तर विचारलं, "भाकरी आहे का?"

मेश्राम सर उठले आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले. तिथं लसणाची सालं होती.

"हरिभाऊ, हे काय?"

"सर, सहा जन पाहुने बोलावले तुमी," हरिभाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले. "त्यायच्यासमोर असा फिक्का मासा ठेवाचा म्हंजे अपमान हाय. मले नाई जमलं. जराशीच घातली."

त्या फाइलमध्ये आजही सरांच्या अक्षरात एक ओळ आहे. 'चाचणी रद्द. पुन्हा घ्यावी. कारण : फोडणी.'

*

एका कंपनीचे साहेब आले होते. सूट, टाय, मे महिना. त्यांच्या नव्या रसायनाला आम्ही कातडीसाठी जो आकडा दिला होता, तो त्यांना जास्त वाटत होता. आकडा कमी झाला तर त्यांचा माल साध्या जहाजातून जाणार होता.

"सर, हे इतकं माइल्ड आहे," ते म्हणाले, "की आमचे वर्कर्स अक्षरशः यानं हात धुतात." आणि त्यांनी नमुन्याची बाटली बॅगेतून काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

ते टेबल सरांच्या वडिलांचं. सागवानी, पॉलिश केलेलं, सर त्यावर चहाचा कपसुद्धा बशीशिवाय ठेवू देत नाहीत. पण पाहुण्यांना काय म्हणणार. साहेबांनी अर्धा तास माइल्डपणावर बोलून घेतलं. मग जायला उठले, बाटली उचलायला गेले, तर बाटली उचलेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा निघाली, आणि तिच्याबरोबर टेबलाचं पॉलिशही निघालं. खाली पांढराफट्ट गोल.

सर त्या गोलाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता मात्र आवाज चढणार. पण ते हळूच म्हणाले, "प्राची, टेबलाचं म्हणणं लिहून घे."

साहेब गोंधळले. "सर, टेबल जुनं असेल."

"हो," सर म्हणाले. "खलाशीही जुने असतात."

आकडा बदलला नाही. तो पांढरा गोलही सरांनी तसाच ठेवलाय. नवीन पाहुणा आला की त्याला चहा बरोबर त्या गोलावरच ठेवून देतात.

*

पाण्यात पडल्यावर रसायन काय करतं, याचे ढोबळमानानं चार प्रकार. उडून जाणारं, तरंगणारं, विरघळणारं आणि बुडणारं. आमच्याकडे नवीन लागलेल्या माणसाला पंधरा दिवसांत हा आजार होतोच की तो नातेवाइकांनाही या चार खान्यांत बसवायला लागतो. माझ्या एका मावसभावाला मी उडून जाणाऱ्यांत टाकलंय, काम सांगितलं की तो दिसत नाही.

प्राचीला बघायला वर्ध्याचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईनं विचारलं, "नोकरीत नेमकं काय करतेस गं?" प्राचीनं मन लावून चारही प्रकार समजावून सांगितले. ऐकून त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग आमचा अमोल कशात बसतो?"

प्राची म्हणाली, "आत्ताच नाही सांगता येणार काकू. नमुना फार थोडा वेळ पाहिलाय."

इतका वेळ खाली मान घालून बसलेला अमोल पहिल्यांदा बोलला. "मी नंबर देऊन ठेवतो. आणखी माहिती लागली तर मागवून घ्या."

प्राचीनं चार महिने माहिती मागवली. लग्नात मेश्राम सरांनी दिलेल्या पाकिटावर लिहिलं होतं : 'विरघळतो. लवकर नाहीसा होत नाही. शिफारस.'

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं.

मासे वापरून करायच्या चाचणीत पाच टाक्या लावलेल्या होत्या. एकीत साधं पाणी, बाकीच्या चारांत रसायन, चढत्या क्रमानं. शनिवारी सुरू केली. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तर तिसऱ्या आणि चौथ्या टाकीतले सगळे मासे मेलेले, आणि पाचव्या टाकीतले, म्हणजे सगळ्यात जास्त रसायन असलेल्या टाकीतले, मजेत फिरतायत.

प्राची म्हणाली, "सर, थोडं घातलं तर मरतात आणि जास्त घातलं तर तब्येत सुधारते असं दिसतंय."

सर हसले नाहीत. त्यांनी हरिभाऊंकडे पाहिलं. रविवारी टाक्या बघायला हरिभाऊ एकटेच आले होते.

"मी पातळ केलं, सर," हरिभाऊ म्हणाले. "पाचवी टाकी दारापाशीच हाय. आलो तं थ्या मासोळ्या वर येऊन तोंड उघडझाक करून राहिल्या होत्या. माह्याकडे पाहून राहिल्या होत्या. थोडंसं सोडून पूरं पानी काढलं अन् साधं भरलं."

सर तिथंच एका पालथ्या बादलीवर बसले. ते म्हणाले, "हरिभाऊ, हा आकडा चुकून कमी लागला असता ना, तर जहाजातल्या मालाच्या टाक्या धुतलेलं पाणी जहाजवाल्यांनी खुशाल समुद्रात सोडलं असतं. आपल्या फाइलच्या आधारानं."

हरिभाऊंनी दुपट्ट्याला हात पुसले. मग म्हणाले, "समजलं सर. चुकलं माहं. पन मले एक सांगा, एवढ्या मोठ्या दुनियेत हे औषध याच्या आधी कोनंच पाह्यलं नसन का? दर वेळेस नव्या मासोळ्या काहून?"

 सर तसेच उठून आत गेले. दुपारी त्यांनी प्राचीला शोधायला बसवलं, आणि आठवड्यानं तिला एका परदेशी प्रयोगशाळेचा जुना, पण चोख अभ्यास सापडला. त्याच रसायनावरचा. आम्हाला चाचणी पुन्हा करावीच लागली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. आधी जगभर शोधायचं, काहीच मिळालं नाही तरच टाकी भरायची. नियम भिंतीवर लावलाय. खाली सही सरांची आहे, पण ऑफिसात त्याला 'हरिभाऊ नियम' असंच म्हणतात.

पाचव्या टाकीतले मासे बाहेर, पाहुण्यांच्या खोलीत ठेवले. पुढे त्या कंपनीचे मॅनेजर आले तेव्हा काचेवर टकटक करत म्हणाले, "वा, छान आहेत. कुठून आणले?"

"तुमच्याच केमिकलातून," हरिभाऊ म्हणाले.

*

प्रत्येक मालाच्या कागदावर एक फोन नंबर छापायचा असतो, काही झालं तर विचारायला. काही कागदांवर माझा आहे. एका दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. खरखर, वारा, आणि हिंदीत बोलणारा एक तरुण आवाज. जहाजावरचा अधिकारी होता. पाइप सोडवताना एका खलाशाच्या डोळ्यात रसायन उडालं होतं. त्यांनी लगेच पाणी सुरू केलं होतं, कारण कागदावर डोळ्यांसाठी सगळ्यात वरचा आकडा होता, म्हणून नळी आधीच जवळ आणून ठेवलेली. आता पंधरा मिनिटं झाली होती, खलाशी म्हणत होता बरं वाटतंय, थांबवू का?

 मी फोन स्पीकरवर टाकून सरांपुढे धरला.

"बंद मत करो," सर म्हणाले. "पानी चालू रखो. लेन्स तो नहीं लगाया है उसने? नहीं ना. पलक उठा के धोते रहो. जहाज के डॉक्टरवाले रेडिओ पर खबर दी?"

"दी है सर. वो भी लाइन पर आ रहे हैं."

"अच्छा. उनके आने तक एक मिनट भी रुकना नहीं."

डबे तसेच उघडे राहिले. फोन टेबलावर, आम्ही चौघं भोवती. पलीकडून फक्त पाण्याचा आवाज आणि मधूनमधून कुणीतरी खलाशाला "देख, ऊपर देख," म्हणत होतं. मग डॉक्टर लाइनवर आले आणि फोन कट झाला.

दीड तासानं पुन्हा वाजला. डोळा वाचला होता. लाल होता, पण दिसत होतं. तो अधिकारी आता एकदम मोकळं बोलत होता. म्हणाला, या वस्तूचा आकडा कमी असता तर नळी खाली स्टोअरमध्येच राहिली असती. या फाइलवरून सरांचं कंपनीशी किती महिने भांडण चाललं होतं, ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत होते. हरिभाऊ दुपट्ट्यानं तोंड पुसत होते.

"मॅडम, आप लोग हैं कहाँ?" त्यानं विचारलं.

"नागपूर," मी म्हटलं.

 मागे कागद चाळल्याचा आवाज आला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, चार्ट पर मिल नहीं रहा. नागपूर पोर्ट ईस्ट कोस्ट में आता है या वेस्ट में?"

*

आणि नारायणराव.

नारायणराव नरखेड तालुक्यातले. सत्तरीचे, पांढरा सदरा, एसटीनं आलेले, हातात संत्र्यांची पिशवी. गावातल्या बागायतदारांनी मिळून संत्र्याच्या सालीपासून तेल काढायचं छोटं युनिट टाकलं होतं आणि हे त्याचे अध्यक्ष. परदेशातून पहिली ऑर्डर आली होती, ड्रम समुद्रमार्गे जाणार होते. एजंटनं सांगितलं होतं, धरमपेठेत जा, फाइल करून आणा.

मी फाइल त्यांना वाचून दाखवली. तेल पाण्यावर तरंगतं. लवकर पेट घेतं. काहींच्या कातडीवर पुरळ येतं. इथपर्यंत त्यांनी मान डोलावली. मग म्हटलं, "आणि माशांसाठी फार विषारी आहे."

"कोन?"

"तेल. संत्र्याचं."

त्यांनी पिशवीतल्या संत्र्यांकडे पाहिलं. "बाई, माहा आजा खात होता संत्री. नव्वद वर्षं जगला."

"खाण्याचं नाही काका, सालीतल्या तेलाचं. आणि माशांचं म्हणतेय मी."

मग मी ड्रमवर लावायचं लेबल दाखवलं. पांढऱ्या चौकटीत काळं चित्र.

"हे काय हाय?"

"मेलेला मासा."

"अन् हे?"

मी जरा चाचरत म्हणाले, "वाळलेलं झाड."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तीन उन्हाळे," ते म्हणाले, "विहीर आटली तवा बादलीबादलीनं पानी घालून झाडं जगवली आमी. पूरं गाव लागलं होतं. अन् माह्या डब्यावर वाळलेलं झाड लावता? गावातल्या पोट्ट्यायनं पाह्यलं तं काय सांगू त्यायले?" त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "चित्र काढा. नाईतर माल जात नाई. ऑर्डर गेली तं जाऊ द्या."

ते खरंच उठले. चाळीस घरांचं युनिट होतं ते. मी धावत जाऊन सरांना बोलावून आणलं.

सर आले, त्यांनी नारायणरावांना नमस्कार केला. पिशवीतलं एक संत्रं मागून घेतलं आणि सोललं. आदल्या दिवशी प्राचीचा वाढदिवस झाला होता, फुगे अजून कपाटाला लटकत होते. सरांनी एक फुगा काढून टेबलावर ठेवला, सालीचा तुकडा त्याच्याजवळ नेला आणि दोन बोटांत दाबला. सालीतल्या तेलाचे बारीक तुषार उडाले.

फुगा फाटकन फुटला.

नारायणराव खाली बसले. त्यांनी साल हातात घेऊन पाहिली, हुंगली. "आनखी एक द्या," म्हणाले. दुसरा फुगा त्यांनी स्वतः फोडला. मग तिसराही फोडला. मग ती साल तळहातावर ठेवली.

"सत्तर वर्षं झाली," ते म्हणाले. "हे मले या संत्र्यानं कधी सांगतलंच नाई."

"झाडाला काही होत नाही काका," सर म्हणाले. "चित्र जगभर एकच असतं, प्रत्येक मालासाठी वेगळं काढत नाहीत. ड्रम उचलणाऱ्याला तुमची भाषा येणार नाही, आमची येणार नाही. त्याला चित्र समजतं. तो जपून ठेवतो."

"म्हंजे आमची बदनामी नाई हे."

"नाही. बंदोबस्त आहे."

नारायणरावांनी फाइल पुन्हा ओढून घेतली आणि पेन मागितलं. प्रत्येक पानावर सावकाश, पूर्ण नावानं सही केली. लेबलाच्या पानावर जरा थांबले, आणि तिथंही केली. मग त्यांचं लक्ष सोललेल्या संत्र्याकडे गेलं. त्यांनी ते दोन हातांनी फोडलं आणि अर्धं सरांपुढे धरलं.

सरांनी एक फोड तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"जरा आंबट आहे," सर म्हणाले.

नारायणरावांनी फाइलवर हात ठेवला.

"सायेब," ते म्हणाले, "मासोळी मरते, थे लिवलं तुमी. झाड वाळलं, थे बी लिवलं. मी सही करून देल्ली. पन आंबट हाय, हे कुठंच लिवाचं नाई."